तामितच्या पाण्याचा दगड

मित्रांनो, दगड म्हटला की तुम्हांला ठेच आठवते. त्यात तुमची चूक नाही. आम्ही वाटेत पडलेले असतो आणि तोंड उघडत नाही. आज मात्र मी बोलणार आहे. गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गोड बोलायला मी काही देवळातला पुजारी नाही.

मी एक जुना, काळपट हिरवा दगड आहे. उंचीने माणसाच्या कमरेएवढा. मिसर देशाच्या पूर्वेकडे उजाड डोंगर आहेत, तिथला माझा जन्म. तेव्हा मिसरवर इराणच्या राजाची सत्ता होती. तो राजा आमच्या गावात कधी फिरकला नाही, पण त्याचे अंमलदार यायचे आणि धान्य भरून न्यायचे. अशाच एका अंमलदाराला घराच्या दाराला दगडी चौकट हवी होती. म्हणून मोठा धोंडा होडीत घालून नदीच्या मुखाकडे, आमच्या दलदलीच्या गावात आणला गेला. चौकट झाली आणि मी उरलो. चौकट घडवणारा सेमताव नावाचा मूर्तिकार होता. तो म्हणाला, "राहू दे अंगणात. कधीतरी कामाला येईल."

त्या अंगणात त्याची मुलगी होती, तामित. ती माझ्यावर बसून भाकरी आणि कांदा खायची आणि टाचांनी माझ्या पोटावर ताल धरायची. तिची आई रेनपेत आतून ओरडायची, "अगं, किती वेळ खातेस? दळण कोण करणार, तुझा तो दगड?" पोरगी म्हणायची, "हो, त्यालाच सांगते!" आणि खरंच वाकून माझ्या कानात सांगायची. मला कान नाहीत, पण कुठे ओठ लावायचे ते तिने ठरवून टाकलं होतं. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच, मित्रांनो. मी घडायच्या आधीचे.

पुराचे दिवस आले. आमच्याकडे नदी चढली की शेतातले साप-विंचू जीव मुठीत धरून घरांत शिरतात. तामितने लव्हाळ्याच्या ढिगात हात घातला आणि किंचाळली. विंचू मोठा होता, पिवळा.

आमच्याकडे विंचवावर उतारा एकच. आमच्या होरस देवाला बाळपणी दलदलीत विंचू चावला, तेव्हा त्याच्या आईने, आयसिस देवीने, असा टाहो फोडला की सूर्यदेव ज्या होडीतून आकाश ओलांडतो ती होडी थांबली आणि पोर वाचलं. ही कथा आणि तिचे मंत्र दगडावर कोरायचे. त्यावरून पाणी ओतायचं. अक्षरांना धुऊन जे पाणी खालच्या कुंडीत जमतं, ते चावलेल्याला पाजायचं. पण असा दगड आमच्या गावात नव्हता. तो होता पाण्यापलीकडच्या गावात. सेमतावने होडी अशी हाकली की हातांची सालटी निघाली. पोर आईच्या मांडीवर होती. "आई, हात जळतोय गं," एवढंच म्हणत होती. पलीकडचा काठ लागला तेव्हा ती काहीच म्हणत नव्हती.

सुतक फिटल्यावर सेमताव अंगणात आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या अंगावरून तळहात फिरवला. मग म्हणाला, "आपल्या गावात दगड पाहिजे." आणि त्याने छिन्नी उचलली.

त्याने माझ्यातून बाळ होरस काढला. मगरींच्या पाठीवर उभा, दोन्ही मुठींत साप आणि विंचू आवळलेला. पाठीवर आणि कुशींवर बारीक अक्षरांत मंत्र कोरले. नाक मात्र देवाचं नव्हतं. ते जरा वर उचललेलं, तामितचं होतं. रेनपेतने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. खाली पायथ्याशी त्याने एक ओळ कोरली: "हे पाणी पिणाऱ्याने रेनपेतची मुलगी तामित हिचं नाव घ्यावं." आमच्या देशात माणूस दोनदा मरतो. एकदा श्वास गेला की, आणि दुसऱ्यांदा त्याचं नाव घेणारं कोणी उरलं नाही की. पहिल्या मरणावर सेमतावचा इलाज चालला नाही. दुसरं तरी त्याला अडवायचं होतं.

देवळाचा पुजारी हापिमेन हा रेनपेतचा सख्खा थोरला भाऊ. डोकं गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत. त्याने मला सगळीकडून पाहिलं आणि म्हणाला, "छान. पण देवळाच्या दारात बसवायचा तर राजाचं नाव पाहिजे."

"इराण्याचं?" सेमतावने विचारलं.

"राजा तोच आहे ना? उद्या अंमलदार विचारेल, हा दगड कोणाच्या राज्यात उभा आहे?"

"विंचवाला विचारतात का दादा, कोणाच्या राज्यात चावलास म्हणून?" रेनपेत म्हणाली.

पण पुजाऱ्यापुढे कोणाचं चालतं! होरसच्या डोक्यावर मोकळी पट्टी होती. तिथे दोरीच्या लांबट वेटोळ्यात, जसं आमच्याकडे राजाचं नाव कोरतात तसं, इराणच्या राजाचं नाव आलं. आता पंचाईत अशी, की पाणी वरून ओतायचं. म्हणजे ते आधी परक्याच्या नावावरून जाणार. गावच्या बायकांनी नाकं मुरडली. "हे पाणी पाजायचं पोरांना? त्यापेक्षा विंचू बरा!" सेमतावने तोड काढली. तो म्हणाला, "मेण लावा. नाव झाकलं जाईल आणि दगडालाही काही होणार नाही." तेव्हापासून रेनपेत रोज सकाळी मधाच्या पोळ्याचं मेण आणून त्या नावावर थापायची. अंमलदार यायचा असला की ते खरवडून काढायची, आणि तो गेला की पुन्हा थापायची. एवढ्या मेणात मढलेला राजा दुसऱ्या कुठल्या देशात नसेल.

मित्रांनो, ते माझे कामाचे दिवस होते. धोबी आले, कोळी आले, लव्हाळी कापणारे आले. कोणी पाठीवरून पोर आणलं, कोणी गाढवावरून म्हातारी. रेनपेत पाणी ओतायची, कुंडीतलं वाडग्यात घ्यायची, चावलेल्याच्या पाठीला हात देऊन पाजायची आणि म्हणायची, "नाव घे, बाळ." तो म्हणायचा, "रेनपेतची तामित." तेवढीच दक्षिणा. लोक मला होरसचा दगड म्हणतच नसत. "तामितचं पाणी" म्हणायचे. एकदा एका इराणी शिपायालाच विंचू चावला. सोबत्यांनी त्याला उचलून आणलं. बायका कुजबुजल्या, "मरू दे मेल्याला." रेनपेतने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि वाडगं भरलं. त्या शिपायाला आमची भाषा येत नव्हती, पण तिने दोनदा सांगितल्यावर त्याने नाव नीट घेतलं आणि मग रडला. त्याचीही कुठे एखादी लेक असेल.

माझ्या पाण्याने खरंच विष उतरायचं का? खरं सांगतो, मला माहीत नाही. पिणारे काही जगले, काही गेले. गेलेल्यांच्या पाठीलाही कोणाचा तरी हात होता, एवढं मात्र मी पाहिलं.

मग बंड झालं. पलीकडच्या शहरातला आपलाच एक सरदार उठला, त्याने इराण्यांना पिटाळलं आणि स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आपला माणूस! आपल्या भाषेत बोलणारा, आपल्या देवांना नमस्कार करणारा! गावाने तवे वाजवले, सातूच्या बिअरचे रांजण उघडले. दोन दिवस कोणी शेताकडे फिरकलं नाही. रेनपेतचे तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. ती नवऱ्याला म्हणाली, "चला, छिन्नी घ्या. ते नाव आधी उखडून टाका."

"अगं, मेणाखाली आहे की ते. असू दे."

"आता कशाला मेण? आपला राजा आला! त्या मेल्याचं नाव माझ्या पोरीच्या डोक्यावर एक दिवसही नको."

"रेनपेत, मेण काढलं की निघतं. छिन्नी मारली की दगड परत येत नाही. खड्डा पडेल."

"पडू दे खड्डा! तुम्हांला होत नसेल तर मी घालते घाव."

सेमतावने निमूटपणे घाव घातले. पट्टीत खोलगट खड्डा झाला आणि त्या खड्ड्याच्या तळाशी नव्या राजाचं नाव आलं. उडालेली भुकटी बायकांनी औषध म्हणून फडक्यात बांधून नेली. त्या दिवशी रेनपेत इतकी हसली, की पोर गेल्यापासून कोणी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू?

आपल्या राजाचे आपले अंमलदार आले. त्यांनी इराण्यांएवढंच धान्य नेलं, वर देवळाच्या भाकरीतही वाटा मागितला. फरक एवढाच, की आता शिव्या आपल्या भाषेत ऐकू येत होत्या. त्याच सुमारास सेमताव खोकून खोकून गेला. आयुष्यभर दगडाची धूळ गिळली होती त्याने. रेनपेत एकटी उरली. तिला अक्षर येत नव्हतं, पण पायथ्याची ती ओळ बोटांना पाठ होती. काम झालं की ती माझ्याजवळ बसायची आणि बोट फिरवत फिरवत लेकीच्या नावाशी येऊन थांबायची.

आणि मग बातमी आली की राजाला मारलं. कोणी? इराण्यांनी नव्हे. दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या आपल्याच सरदाराने. आता तो राजा. त्याचा अधिकारी शिपाई आणि एक पाथरवट घेऊन आमच्या देवळात आला. म्हणाला, "जुन्याचं नाव काढा. राजाचं घाला."

"तोही आपलाच होता की," कोणीतरी गर्दीतून म्हणालं.

"आपला नव्हता, चोर होता. कोण बोललं ते?"

मग कोणीच बोललं नव्हतं. पाथरवट पट्टीला भिडला. हाताचा धसमुसळा! खड्ड्यात अजून खोल गेला आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला पट्टीचा मोठा ढलपाच उडाला. माझ्या माथ्याशी नाव कोरायला जागाच उरली नाही. अधिकारी चिडला. "ही जागा आधीच एवढी खणून कोणी ठेवली?"

हापिमेनने बहिणीकडे पाहिलं. तिला तेव्हाच कळलं, पुढे काय येणार ते.

अधिकारी माझ्याभोवती फिरला. पाठ मंत्रांनी भरलेली. कुशी भरलेल्या. मग तो खाली वाकला. "ही ओळ कसली?"

"एका मुलीचं नाव आहे," हापिमेन म्हणाला.

"कोणत्या राजाची मुलगी?"

"कोणत्याच नाही."

"मग इथेच घाला."

रेनपेतने भावाचे पाय धरले. "दादा, तुझी भाची ना रे ती! तुझ्या खांद्यावर बसून कमळं तोडायची. मंत्र पूस थोडे, पाठीवर चिक्कार आहेत."

"मंत्र पुसले तर गावातली पोरं मरतील. राजाचं नाव नाही घातलं तर देऊळ जाईल. ती तर गेलेलीच आहे गं."

"गेलेली नाही! काल त्या धोब्याने तिचं नाव घेतलं. परवा त्या म्हातारीने घेतलं. आज तू तिला मारतोयस, तू!"

"आणि तो खड्डा कोणी पाडला, बये?" हापिमेन हळूच म्हणाला. "नवरा तुला सांगत होता ना, मेण पुरे म्हणून?"

मित्रांनो, जगात मी पुष्कळ घाव सोसले. त्या बाईवर घातलेला हा घाव मला त्या सगळ्यांहून निर्दय वाटतो, कारण तो खरा होता. ती अंगाने मला झाकून बसली. शिपायांनी तिला दोन्ही दंडांना धरून बाजूला उचललं. मग ओळ गेली. दगडाला दुखत नाही, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

त्या दिवसापासून नियम झाला, की पाणी पिणाऱ्याने राजाचं नाव घ्यायचं. रेनपेतने कुंडी सोडली नाही. ती पाणी पाजायची आणि चावलेल्याच्या कानाशी म्हणायची, "मोठ्याने त्याचं घे, मनात माझ्या तामितचं घे." लोक घ्यायचे, निदान मान तरी डोलवायचे. पुढे कोणीतरी चुगली केली आणि हापिमेनने तेही बंद केलं. राजे तर येतच राहिले. हा मेला, त्याच्या मुलाला हाकललं, तिसराच आला. सगळे आपले, सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. प्रत्येकाचं नाव त्याच जागी, आधीच्याला खरवडून. गावच्या बायका आता आपल्या राजाच्या नावालाही मेण फासू लागल्या. "इराणी काय वाईट होता," असं म्हणायला सुरुवात झाली. ज्यांनी तवे वाजवले होते, तेच म्हणायला लागले. रेनपेत मात्र मेण लावत नसे. "झाकून काय करू?" ती म्हणायची. "खाली काहीच नाही."

पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली. नव्या लोकांना "तामितचं पाणी" हा शब्दही माहीत नव्हता.

पुन्हा पूर आला. रेनपेत तेव्हा पार वाकली होती. भर दुपारी, देवळाच्या दारात पाण्यासाठी रांग लागलेली असताना, ती कुंडी घासायला बसली आणि कुंडीखालच्या फटीतून आलेल्या विंचवाने तिच्या मनगटावर नांगी मारली. माझ्या पायाशी, मित्रांनो! विंचवांना मुठीत धरणाऱ्या देवाच्या पायाशी!

लोकांनी तिला माझ्या अंगाला टेकवून बसवलं. म्हातारा हापिमेन काठी टेकत आला. त्याने स्वतः पाणी ओतलं आणि वाडगं तिच्या ओठांशी धरलं. "घे. नाव घे आणि पी."

"कोणाचं?"

"राजाचं, दुसरं कोणाचं!"

"सध्या कोण आहे रे?"

खरं सांगतो, क्षणभर हापिमेनलाही आठवेना. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याने नाव सांगितलं. रेनपेतने मान फिरवली. "माझ्या पोरीच्या जागेवर बसलाय तो. त्याच्या अंगावरून आलेलं पाणी मी नाही पिणार."

"हट्ट करू नकोस. वय काय तुझं! मरशील."

"मरेन."

तिचा दंड सुजायला लागला होता. हापिमेन खाली बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. हळू आवाजात म्हणाला, "बरं बाई, तामित म्हण. तामित म्हण आणि पी. मी ऐकलं नाही असं समजेन."

"मी तर रोजच म्हणते," रेनपेत म्हणाली. "तू म्हण, दादा. मोठ्याने, सगळ्यांसमोर. तू मामा आहेस तिचा. तू म्हण, मग मी पिते."

हापिमेनने मान वर केली. रांगेच्या कडेला राजाचा कारकून सावलीला उभा होता. खजूर खात होता. त्याने इकडे पाहिलं. हापिमेनचे ओठ हलले आणि मिटले. रेनपेत वाट पाहत होती. सगळी रांग वाट पाहत होती. मी वाट पाहत होतो. कारकुनाने बी थुंकली आणि दुसरा खजूर घेतला.

तिची जीभ जड झाली. डोळे भावावरून हलले नाहीत, पण त्यातलं पाहणं थांबलं.

तेव्हा हापिमेन बोलला. "तामित," तो म्हणाला. मग ओरडला, "तामित! रेनपेतची तामित! पी आता, पी ना गं!" आणि त्याने वाडगं तिच्या तोंडात उलटं केलं. पाणी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून गळून अंगावर सांडलं. कारकून तर केव्हाच निघून गेला होता. सावली सरकली होती आणि त्याला ऊन लागत होतं.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. पुढचा पूर यायच्या आतच हापिमेनही वारला. आपले राजे एकमेकांना खात राहिले, तोवर इराणी परत आले. मग समुद्रापलीकडून ग्रीक आले आणि त्यांनी इराण्यांना घालवलं. प्रत्येक वेळी गावाने तवे वाजवले. देऊळ पडल्यावर कोणीतरी मला पालथा घालून घराची पायरी केली. किती टाचा झिजल्या माझ्या मंत्रांवर! आता मी काचेच्या पेटीत उभा आहे. विद्वान येतात, भिंग लावतात आणि माझ्या पायथ्याच्या खड्ड्यात कोणत्या राजावर कोणता राजा कोरला, यावर कडाकडा भांडतात. त्या सगळ्यांच्या आधी तिथे कोण होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचं नाव कुठे लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण आधीचं खरवडून लिहू नका. खाली कोण आहे ते कळत नसतं. आणि राजांची काळजी करू नका. ते तुमच्या पुस्तकात आहेत, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येतात, त्यांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. जिचं नाव घ्यायला तिचा सख्खा मामा भ्याला, तिचं नाव आता दगडावर नाही, कागदावर नव्हतं, आणि घेणारं माणूस उरलेलं नाही. तुम्हांला तर कारकुनाची भीती नाही ना? मग घ्या. मोठ्याने घ्या.